लाल पाणी, काळी रेघ

भिलाईजवळच्या कुरुदमधल्या त्या घरात पाणी भरायच्या जागा आधीच पुष्कळ होत्या. गच्चीवरची काळी टाकी, स्वयंपाकघरातला माठ, खिडकीतला कूलर, इन्व्हर्टरची बॅटरी, आणि अंगण संपल्यावर जिन्यावर चढलेल्या भय्याजींच्या कुंड्या. त्यात यंदा उन्नतीच्या कॉम्प्युटरची भर पडली.

कॉम्प्युटरला पाणी लागतं असं भय्याजींना आधी कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. पण लेकीने तो त्यांच्या डोळ्यांसमोर जोडला. काचेची पेटी, पेटीत पारदर्शक नळ्या, नळ्यांत डाळिंबासारखं लाल पाणी. तळाचा छोटा पंप ते पाणी ढकलतो. पाणी तापलेल्या भागांवरून जातं, त्यांची आच घेतं, वर रेडिएटरमध्ये पंख्यांच्या वाऱ्याने निवतं आणि परत टाकीत येतं. टाकी म्हणजे वीतभर उंचीची गोल डबी. तिच्यावर उन्नतीने मार्करने एक काळी रेघ ओढली होती.

"पानी या रेघेच्या खाली गेलं का समजाचं, गडबड हाये," तिने घराला बजावलं. "तोपरेंत कोनी काई कराचं नाई."

या सूचनेचा पहिला भाग घराने पाठ केला.



भय्याजी. उन्नतीचे बाबा. पोलाद कारखान्याच्या बागा सांभाळून निवृत्त. जन्मभर पाणी घातलं. अजूनही घरात कोणी जरा मलूल दिसलं की आधी पेला भरतात, मग काय झालं ते विचारतात.

रुक्मा. आई. माहेर तुमसरकडचं. भिलाईत येऊन डोक्यावरचे काळे केस पांढरे झाले, तरी इथला उन्हाळा तिला अजून पाहुण्यासारखा वाटतो: येतो, राहतो, जायचं नाव घेत नाही.

अमरदीप. मोठा भाऊ. चरोद्याच्या रेल्वे यार्डात नोकरी. काम शिफ्टमध्ये, टोमणे सलग.

उन्नती. न बांधलेल्या इमारतींमधून लोकांना फिरवून आणते. म्हणजे कोणी दवाखाना बांधणार असेल, तर तो बांधून झाल्यावर कसा दिसेल याची फिल्म बनवते. कंपनी हैदराबादची, खोली कुरुदची. या फिल्मा तयार होताना कॉम्प्युटर तासन्‌तास तापतो. म्हणून पाणी.



आणि अडचण काय, तर प्रवीण सर.

प्रवीण सर हैदराबादला बसतात. त्यांनी उन्नतीला एक उन्हाळा दिला होता. एवढा उन्हाळा सगळी कामं वेळेवर आली, तर कायम घरून कर. एक जरी काम मशीनमुळे अडकलं, तर इथे ये, इथे खुर्ची रिकामी आहे, एसी आहे, मशीनची काळजी घ्यायला माणसं आहेत.

उन्नतीला जायचं नव्हतं. पण हे ती तोंडाने म्हणत नव्हती.

"इथं भाडं नाई लागत," ती म्हणायची.

"असं सांग ना, आईच्या हातचं सोडून जाववत नाई," अमरदीप म्हणायचा.

"जेवनासाठी कोन रायते दादा? इथं नेट चांगलं हाये."

"नेट! काल वारा सुटला तं तुयं नेट पार अहिवाऱ्याले जाऊन चहा पिऊन आलं."

रुक्माचं मत वेगळं होतं. तिच्या मते पोरीने जायला हवं. "जा. मोठं शहर पाय. आमी काय, आमी इथंच हाओ." हे ती भाकरी थापताना म्हणायची, आणि त्या दिवशी भाकऱ्या जरा जास्तच गोल व्हायच्या.

भय्याजी? ते कुंड्यांना पाणी घालायला उठून जायचे.



सोमवार. पाणी रेघेवर.

मंगळवार. पाणी रेघेवर.

गुरुवारी उन्नतीने नुसतं मान वळवून पाहिलं. रेघेवर.

पुढच्या आठवड्यात तिने पाहणंसुद्धा सोडलं. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, कूलर दिवसातून दोनदा रिकामा होत होता, माणसं वाळत होती, आणि या टाकीतलं पाणी मात्र केसभरही हलत नव्हतं. काय सुरेख जोडलाय आपण, असं तिला वाटलं.

तसं वाटायला नको होतं.



टाकीवर चिकटवलेली चिठ्ठी, वरून खाली:

हा कूलर नाही. पाणी घालू नये. — उन्नती

पाण्याकडे पाहून हसूसुद्धा नये. — अमरदीप, रेल्वे

पाहिले. रेघेवर आहे. — भ.

(त्याखाली हळदीचं एक बोट. ते रुक्माने मुद्दाम उमटवलं नव्हतं. ती नुसती वाचायला वाकली होती.)



सीमा दर शनिवारी यायची. सीमा म्हणजे वस्तीची मितानिन, घरोघर फिरून आरोग्याची कामं पाहणारी. उन्हाळ्यात तिचं मुख्य काम कूलर. कूलरच्या पाण्यात डासांच्या अळ्या झाल्या का ते टॉर्च मारून बघायचं आणि झाल्या असतील तर मालकाला चार शब्द सुनावायचे.

पहिल्या वेळी तिने कॉम्प्युटरवरही टॉर्च मारला होता.

"भाभी, इसमें भी पानी भरे हो. खाली करो."

"अरे नहीं, ये घूमता पानी है," रुक्माने लेकीची बाजू घेतली होती. "घूमते पानी में मच्छर अंडा नहीं देता, तुमीच बोली थी."

आपलाच नियम आपल्यावर उलटलेला पाहून सीमा हसली होती. पण तेव्हापासून कूलर झाला की ती या पेटीकडेही एक नजर टाकून जायची. तिला तो लाल रंग आवडायचा.

या शनिवारी उन्नतीचं उन्हाळ्यातलं शेवटचं काम चालू होतं. दवाखान्याचीच फिल्म. सकाळपासून कॉम्प्युटर एकेक चित्र तयार करत होता, संध्याकाळपर्यंत सगळी चित्रं हैदराबादला पोचवायची होती. ही पोचली की प्रवीण सरांची अट पूर्ण. उन्नती खुर्चीत पाय वर घेऊन चिवडा खात बसली होती.

सीमाने कूलर पाहिला. अळ्या नव्हत्या. मग ती पेटीसमोर उभी राहिली.

"भाभी, शरबत पतला कर दिए क्या?"

"कौनसा शरबत?"

"यही. पहले तो लाल-लाल था. मेहमान ज़्यादा आ गए थे क्या?"

सीमा स्वतःच्या विनोदावर हसत पुढच्या घरी गेली. उन्नतीच्या हातातला चिवडा हातातच राहिला.



तिने फोनमधला जुना फोटो काढला. ज्या दिवशी कॉम्प्युटर जोडला त्या दिवशीचा.

फोटोतलं पाणी: डाळिंब.

समोरचं पाणी: पेरू. आतून.

रोज पाहणाऱ्या चौघांना दिसलं नव्हतं, कारण रंग रोज थोडा थोडा गेला होता. पण रेघ? रेघ जिथल्या तिथे. फोटोतही पाणी रेघेवर, समोरही रेघेवर.

रंग उतरला म्हणजे कोणीतरी साधं पाणी घातलं. पाणी घातलं तर ते रेघेच्या वर यायला हवं. ते वर आलं नाही, म्हणजे जेवढं घातलं तेवढं…



"बाबा!"

भय्याजी जिन्यावर होते. हातात झारी.

"इथं या. आधी झारी ठेवा. या कॉम्प्युटरमधी कोनं पानी टाकलं?"

"टाकलं नाई."

"बाबा."

"टाकलं म्हनजे… टाकलं नाई. रेघेच्या खाली दिसलं, तं रेघेपरेंत आनलं."

"कधी?"

"कुंड्यांच्या वेळी."

"म्हनजे रोज!"

"रोज कायले? ज्या दिवशी खाली दिसलं त्याच दिवशी."

"अन् खाली कधी दिसाचं?"

भय्याजींनी थोडा विचार केला. "रोजच," ते म्हणाले.

"मले सांगितलं कावून नाई?"

"तूच म्हनली होती, रेघेच्या खाली गेलं का गडबड हाये. मी म्हटलं, आपन गडबड होऊच नाई द्याची."

उन्नतीने डोळे मिटून घेतले. "कोनतं पानी टाकलं? बोरचं?"

"बोरचं कायले टाकीन? क्षार रायते त्याच्यात. मी काय बह्याड हाओ? फिल्टरचं टाकलं. आपन पेतो थे."

ते जरा दुखावले होते. त्यांच्या हिशेबाने त्यांनी या पेटीला घरच्या माणसाचं पाणी दिलं होतं.



मग जेवढं घातलं तेवढं गेलं कुठे?

उन्नती टेबलाखाली शिरली. मोबाइलच्या उजेडात तिला आधी एक धुतलेली घडी दिसली. जुन्या साडीची, चार पदरी, कडा शिवलेली. ती टेबलाच्या मागच्या पायापाशी अगदी नीट मांडली होती. घडी ओली होती. ओल गुलाबी होती. आणि वर पेटीच्या बुडाशी, पंपाच्या खालच्या जोडावर, एक थेंब धरत होता. धरला. मोठा झाला. पडला.

"हे कपडं इथं कोनं ठेवलं?"

"मी," रुक्मा दारातून म्हणाली. "तुया कॉम्प्युटरले घाम येते ना."

"घाम?"

"माठाले नाई येत? जो माठ पाझरते त्याचंच पानी थंड. नाई पाझरत असा माठ मी तं दुकानदारालेच वापस करते. मले वाटलं, चांगला पाहून घेतला पोरीनं. पाझरते."

"आई, तू हे कपडं रोज पिळून राहिली?"

"नाई तं काय, पानी साचू देऊ? सीमा बोंबलन."

"अन् गुलाबी पानी निघाचं तवा तुले काईच नाई वाटलं?"

"वाटलं ना. म्हटलं एवढी महाग वस्तू अन् रंग कच्चा."

शिफ्टवरून आलेला अमरदीप बुटांची नाडी सोडत दारात बसला होता. त्याला नाडी सुटेना, इतका तो हसत होता.

"म्हनजे बाबा वरून भरून राहिले, आई खालून पिळून राहिली. अन् दोघांलेही एकमेकांचा पत्ता नाई. पोट्टी म्हनते, वा, माया कॉम्प्युटर किती मस्त!"

"दादा, चूप."

"हैदराबादवाल्यांले सांग, तुमच्याकडे एवढा स्टाफ हाये का?"

हैदराबादचं नाव निघालं आणि अमरदीपचं हसू थांबलं. पेटीतले पंखे तेवढे फिरत होते. पडद्यावर दवाखान्याचं एक चित्र पुरं झालं, दुसरं सुरू झालं. अजून बरीच बाकी होती.



मार्ग दोन होते.

एक: आत्ता बंद करायचा. पाणी काढायचं, जोड उघडायचा, आतली रबरी चकती बदलायची, नळ्या धुवायच्या, नवं पाणी भरायचं, नळ्यांतली हवा काढायची. उद्याचा दिवस त्यात गेला असता. फिल्म गेली नसती. गेली असती ती उन्नती, हैदराबादला.

दोन: चालू ठेवायचा आणि…

"आनि काय?" भय्याजींनी विचारलं.

उन्नतीने त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग ओल्या घडीकडे.

"आनि तुमी दोघं जे चोरून करत होते ते आता समोर करा," ती म्हणाली. "पन मी सांगीन तसं."



अमरदीप गाडी काढून सिविक सेंटरच्या बाजारात गेला आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याचा कॅन घेऊन आला. फिल्टरच्या पाण्यात क्षार उरतात, या पाण्यात नाही, म्हणून हेच. सोबत समोसे होते. समोसे का, असं कोणी विचारलं नाही.

उन्नतीने गळक्या जोडाभोवती सुती दोऱ्याचे वेढे घातले; हात लागून जोड आणखी सैल झाला आणि थेंब भराभर पडू लागले. तिने दोऱ्याचं टोक खाली सोडलं. आता थेंब इकडे तिकडे विजेच्या भागांवर न उडता दोऱ्यावरून सरळ घरंगळत एका वाडग्यात पडू लागला. वाडगा रुक्माकडे. प्रिंटरमध्ये शाई भरायची सिरिंज भय्याजींकडे. समोसे अमरदीपकडे.

"बाबा, मी म्हनल्याशिवाय थेंबभर नाई."

"नाई."

"टाकू?"

"आत्ताच म्हटलं ना!"

"विचारून राहिलो फक्त."

"रेघेवर हाये."

"कमी होईन ना आता."

"झालं का सांगते."

"कुंड्यांले असं विचारत नाई बसत मी," भय्याजी पुटपुटले. पण सिरिंज त्यांनी धरली होती एखाद्या नवजात पिलासारखी, दोन्ही हातांनी.

पाणी केसभर उतरलं. "टाका." त्यांनी टाकलं. रुक्माने वाडगा बदलला. पाणी उतरलं. "टाका." वाडगा. "टाका." वाडगा. अशी दुपार कलली.

"मले तं तुले पाठवाचीच होती," रुक्मा वाडगा रिकामा करून आली आणि कोणी विचारलं नसताना म्हणाली.

"मग इतके दिवस पुसून कावून राहिली होती?" अमरदीप.

"ओलं राहिलं तं पोरगी घसरन."

"टेबलाच्या मागं? तिथं कोन चालते? उंदीर?"

"तू समोसा खा."



शेवटची चित्रं दवाखान्याच्या बागेची होती.

उन्नती पाण्याकडे नाही, पडद्याकडे पाहत होती. सावल्या नीट पडतात का ते. आणि भय्याजीही पडद्याकडे पाहत होते.

"हे झाड कोनतं?"

"कोनतं?"

"हे. गेटजवळचं. पान कडुनिंबाचं, खोड गुलमोहराचं. असं झाड रायते का कुठं?"

"कंपनीनं दिलेलं झाड हाये बाबा. सगळ्या फिल्ममधी हेच लावतो आमी."

"सगळ्या दवाखान्यांत?" भय्याजी पडद्याच्या आणखी जवळ गेले. "अन् याच्या बुडाशी आळं नाई. पानी कुठून जाईन याले? वर फरशी लावून टाकली! मरन ना हे झाड."

"झाड खोटं हाये, बाबा."

"खोटं हाये म्हनून का तहान—"

पेटीतून घरघर ऐकू आली. तळाशी उरलेलं सरबत कोणी नळीने ओढावं तशी. नळीतून हवेचा बुडबुडा धावत गेला, त्याच्यामागे दुसरा. सगळे पंखे एकदम किंचाळले. उन्नतीने टाकीकडे पाहिलं. रेघ वर होती, कोरडी. पाणी पार खाली.

"अवो!" रुक्मा ओरडली. "तुमच्या हातात काय हाये? पानी!"

भय्याजींनी सिरिंज रिकामी केली. पुन्हा भरली, पुन्हा रिकामी केली. थेंबही बाहेर सांडला नाही. अमरदीप कॅन तिरपा धरून उभा. पडद्यावरचा आकडा, जो मशीनचा ताप सांगतो, लाल झाला होता. तो जिथे पोचला की मशीन आपोआप बंद पडतं, तिथपासून हाकेच्या अंतरावर होता. समोसे थंड.

मग घरघर थांबली. बुडबुडे टाकीत येऊन फुटले. पंखे एकेक करून शांत झाले. आकडा पिवळा, मग हिरवा.

"खोट्या झाडापायी," रुक्मा म्हणाली, "खरी पोरगी चालली होती तुमची हैदराबादले."

त्यानंतर भय्याजींनी पडद्याकडे पाहिलंच नाही. रेघेला डोळे लावून बसले, गाडी जायची वाट पाहणाऱ्या गेटमनसारखे.



फिल्म गेली. बाहेर ऊन उतरलं होतं. थोड्या वेळाने फोन वाजला. प्रवीण सर. उन्नतीने स्पीकर लावला, कारण हात ओले होते.

"मिल गया. टाइम पे आया, बढ़िया. बाग का पेड़ थोड़ा अजीब है, पर चलेगा."

भय्याजींनी मान ताठ केली.

"और सुनो, मशीन ठीक है न?" सर म्हणाले. "मई में वहाँ का हाल हमको पता है. कोई प्रॉब्लम हो तो अभी बोल दो. सीट खाली है."

खोलीत तिघंजण उभे होते. एकाच्या हातात सिरिंज, एकीच्या हातात वाडगा, एकाच्या हातात कॅन. तिघांनीही एकाच वेळी माना डोलावून तिला खुणावलं: ठीक है म्हन. ठीक है म्हन!

"खराब है, सर," उन्नती म्हणाली.

अमरदीपने कपाळावर हात मारला.

"लीक है. कल पूरा दिन बंद रखके खोलूँगी. आज का काम घरवालों ने हाथ से पानी डाल-डालके निकलवाया है."

"हाथ से?"

"जी. इंजेक्शन से."

"तो फिर यहाँ आ जाओ न. क्यों इतना…"

"नहीं, सर." ती थांबली. आजवर हे वाक्य तिने नेटच्या मागे, भाड्याच्या मागे लपवून ठेवलं होतं. आता लपवायला पुढे काहीच उरलं नव्हतं. "मुझे यहीं रहना है. मेरा मन है. मशीन का बहाना नहीं है."

पलीकडून प्रवीण सरांच्या हसण्याचा आवाज आला, आधी नाकातून, मग मोकळा.

"कल खोल लो. ठीक से कसना. सोमवार को अगली फाइल भेजता हूँ. वहीं."

फोन बंद झाला. उन्नतीने कॉम्प्युटरही बंद केला. दिवसभराचे पंखे थांबले, तसं घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. अमरदीप कॅनचं झाकण लावत होता, जे केव्हाच लागलं होतं. भय्याजींनी चष्मा काढून सदऱ्याने पुसला आणि तो पुसत पुसतच ते बाहेर गेले.

रुक्मा मात्र जागची हलली नाही. वाडगा कमरेवर टेकवून तिने लेकीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हने, मले इथंच रायचं हाये," ती म्हणाली. "अन् आमाले विचारलं का कोनी, ठेवून घेता का म्हनून?"